प्रज्ञारसाचा कुंभ

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता. त्याचा एकुलता एक पुत्र मंदार मनाने निर्मळ, पण बुद्धीने जड होता. आपल्यामागे राज्य कोण सांभाळणार, या चिंतेने राजाने कालभृंग नावाच्या मांत्रिकाकडून प्रज्ञारस सिद्ध करवला. राजपुत्राला न विचारताच तो त्याला पाजण्यात आला.

थोड्याच दिवसांत मंदार ग्रहांच्या गती सांगू लागला. पक्ष्यांची भाषाही त्याला उमगू लागली. राजा हरखून गेला.

पण नगरात विपरीत घडू लागले. विणकरांना माग चालवता येईना. वैद्य औषधे विसरला. एक आई आपल्याच लेकराचे नाव आठवीत उंबऱ्यावर बसून राहिली.

तेव्हा एक साळुंकी महालाच्या गवाक्षात येऊन बसली.

"राजपुत्रा, तुझी बुद्धी या लोकांची आहे. मांत्रिकाने ती ओढून काळ्या डोंगरावरच्या कुंभात साठवली आहे; त्यातलाच रस तुला पाजला."

"ती परत कशी जाईल?"

"कुंभ फुटला तर. वाटेत दगडी सर्प आहे, पुढे पाऱ्याचे सरोवर. तिसरे संकट कुंभापाशी."

मंदार निघाला. सर्पाने वाट अडवून विचारले, "कोणती वस्तू हरवली, तर हरवल्याचेही कळत नाही?"

"बुद्धी," मंदार म्हणाला. सर्प बाजूला सरला.

सरोवरातल्या पाऱ्याला चंद्राबरोबर भरती-ओहोटी येई. मंदारने गणित मांडून ओहोटी साधली आणि तो पलीकडे गेला.

कुंभापाशी कालभृंग उभा होता.

"या बुद्धीने तू दुष्काळ हटवशील, रोग नाहीसे करशील. त्यासाठी थोडे लोक विसरले, तर काय बिघडले?"

"त्यांना कोणी विचारले होते?"

"कुंभ फोडलास, तर पूर्वीसारखा होशील. का फोडला, हेही तुला समजणार नाही."

मंदारला भय वाटले. मावळतीला शुक्राची चांदणी दिसू लागली होती. तिची गती त्याने मनातल्या मनात एकदा मोजली. मग दगड उचलून कुंभावर घातला.

कुंभातून शुभ्र धूर निघाला आणि नगराकडे गेला. लोकांची बुद्धी त्यांना परत मिळाली. कालभृंगाची विद्या लोपली. तो वाट फुटेल तिकडे निघून गेला.

मंदार परतला तेव्हा राजाने कळवळून विचारले, "असे का केलेस?"

मंदारने पुष्कळ आठवून पाहिले. "ठाऊक नाही, तात. पण ते बरोबर होते."

बाहेर माग पुन्हा चालू झाले होते. तो आवाज ऐकून राजाची मान खाली गेली.

पुढे मंदार गादीवर बसला. निर्णयाआधी तो प्रजेला विचारी. समजले नाही, तर पुन्हा विचारी. त्याच्या राज्यात न्यायाला वेळ लागे, आणि लोक तेवढा वेळ थांबत.