रुप्याचं पदक आणि ठकूबाईची ज्वारी

एका गावात एक ठकूबाई होती. ज्वारी कापणीला आली की ती आधी उभ्या पिकातून फिरायची आणि टपोऱ्या दाण्यांच्या कणसांना लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीचं कणीस बियाण्याचं. ते सावलीत वाळवायचं, दाण्यांना राख चोळायची आणि मडक्यात जपून ठेवायचं. वीस वर्षं तिने हे केलं, तेव्हा कुठे तिच्या शेतात वीतभर लांबीची कणसं डोलू लागली.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं. जिल्ह्याच्या गावी शेतीचं प्रदर्शन भरलं. गावच्या रंगराव देशमुखांनी ठकूबाईची पंचवीस कणसं मागून नेली. तुझंच नाव लावतो, म्हणाले. लावलं स्वतःचं! साहेबाने कणसं उलटीपालटी करून पाहिली, पण ती पिकवणारे हात कोणाचे, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. रुप्याचं पदक देशमुखांच्या छातीवर लागलं. ठकूबाईने जाब विचारला, तर म्हणाले, "जमीन आमच्या वतनातली, तेव्हा कणीसही आमचंच." चोर तो चोर, वर शिरजोर. लाज म्हणून कशी ती नाहीच.

पुढच्या हंगामात साहेबाने सरकारी शेतासाठी मणभर बियाणं मागवलं. देशमुखांनी पेव उघडून त्यातली ज्वारी धाडून दिली. जमिनीखालच्या पेवात धान्य उबतं. त्याची भाकरी होते, पण ते पेरलं तर उगवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. देशमुखांना नव्हतं, कारण त्यांनी जन्मात कधी पेरणीची पाभर धरली नव्हती. सरकारी शेतात एक कोंब वर आला नाही. खरं बियाणं पाठवा, नाहीतर पदक परत करा, असा साहेबाचा हुकूम आला.

तेव्हा देशमुख ठकूबाईच्या दारी आले. तिने मडकं पुढ्यात ठेवलं, पण वरचा हात काढला नाही.

"बियाणं हाय," ती म्हणाली. "पर ते माझ्या नावानं जाईल. तुमच्या नावानं धाडायचं असंल, तर ते पदक पेरा, धनी."

एक नाव तर लिहायचं होतं. तेवढंही त्या माणसाच्याने झालं नाही. त्याने पदक परत केलं, पण साहेबाला धाडायच्या कागदावर ठकूबाईचं नाव घातलं नाही.

त्या वर्षी दारी येईल त्याला ठकूबाईने ओंजळ ओंजळ बियाणं दिलं. आसपासच्या गावांत ते 'ठकूची ज्वारी' म्हणूनच पेरलं गेलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कष्टांवर आपलं नाव कोरता येतं, पण त्या कष्टांतून आलेलं शहाणपण चोरता येत नाही. म्हणून ज्याचा घाम, त्याचाच मान.