धाकू ओताऱ्याच्या बारा घंटा

फार वर्षांपूर्वी, घुमट्याच्या डोंगरावर जायला धड पायवाटही नव्हती तेव्हा, त्याच्या पायथ्याला बारा वाड्या गोल बसल्या होत्या. प्रत्येकीला एक घंटा हवी होती आणि बाराही घंटा एकमेकींशी सुरात नांदायला हव्या होत्या. काम धाकू ओताऱ्याकडे आलं.

धाकूपाशी फळीवर ताणलेली एक तार होती. तिचे तीन भाग करून दोनच छेडले की पंचम बोलायचा. मग त्या पंचमाचा पंचम, असं करत तो वाडीवाडीची घंटा ओतत गेला. सूर फार चढला की तार दुप्पट करून तो खाली आणायचा. बारा पावलांनी सूर आपल्या घरी परत येतो, असं त्याच्या आज्यानं सांगितलं होतं. आता आज्याचा शब्द कोण मोजून बघतो?

जत्रेला घंटा वाजल्या. शेजारशेजारच्या वाड्यांचं गोड जुळलं, पण फेर पुरा होताना बारावी पहिलीशी भांडायला लागली. हवा थरथरली, गुरं दावी तोडून पळाली, असं म्हणतात. आणि बारावी वाडी म्हणजे धाकूच्या लेकीचं, आनशीचं सासर!

"व्याही, घंटा अशुभ निघाली तुमची," सासरा म्हणाला. "पोरही घेऊन जा."

धाकूनं सात दिवस तार मोजली. माप केसभरही चुकलं नव्हतं. तरी बाराव्या पावलाला सूर उंबरा ओलांडून जरासा पुढे जायचाच. लेकीकडे बघून त्याला रडू कोसळलं.

आठव्या दिवशी बारा वाड्यांचे कारभारी जाब विचारायला आले. आलेल्याला जेवू घालायची रीत. पानं मांडली, तर शेवटच्या पानाला भाकरच उरली नाही. आनशीनं बाकीच्या अकरा पानांतून एकेक तुकडा मोडला.

"आबा, एकट्याच्याच पानात उणं का ठेवायचं? सगळ्यांनी जरा जरा सोसलं की कुणालाच कळत नाय."

धाकू खरकट्या हातानंच उठला. त्यानं घंटा उतरवल्या आणि आतून घासल्या; आतून धातू झिजला की घंटेचा सूर जरा उतरतो. दुसरी किंचित, तिसरी त्याहून जरा जास्त, अशी बारावीपर्यंत. आता एकही पंचम पुरता शुद्ध नव्हता आणि एकही भांडत नव्हता. त्या वाजल्या तेव्हा डोंगर निजलेल्या बाळासारखा संथ श्वास घ्यायला लागला आणि ढग खाली उतरून ऐकत बसले, असं म्हणतात. सासरा स्वतः आनशीला न्यायला आला.

आजही तिथल्या पंगतीत पहिला घास घेण्याआधी प्रत्येकजण भाकरीचा तुकडा मोडून मधल्या परातीत ठेवतो. त्याला धाकूचा तुकडा म्हणतात. बारावी वाडी सगळ्यांत शेवटी बसते, आणि तिच्या पानाला कधी कमी पडत नाही.