नकाऱ्याला वाहिलेले फूल

एका संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, एकदा एक वृद्ध शस्त्रकारागीर होता. जातीने शिकलगार. सारे त्याला उस्तादच म्हणत. पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस खंडेनवमीला सिलेखान्यात शस्त्रपूजेचा पाटही स्वतःच्या हाताने मांडी, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे त्या गावात कुणाला कधी वाटले नाही. आपणही वाटून घेऊ नये.

त्याच्या हाताखाली केरबा नावाचा एक तरुण शिकत होता. हात चलाख, समज चांगली, आणि ती आपल्याला आहे याची जाणीव त्याहून चांगली. केरबाचे वडील संस्थानच्या फौजेत जमादार होते. त्यांच्या नजरेची ख्याती होती. उडत्या पाखराच्या पंखावरचा ठिपका त्यांना दिसतो, असे शिपाई सांगत. पण घरी त्या नजरेचा उपयोग निराळाच होई. दिवसभर लोखंड घासून केरबाच्या बोटांत पोलादाचे बारीक कण रुतत. संध्याकाळी जमादार खिडकीशी बसत, मुलाचा हात मांडीवर घेत आणि सुईच्या टोकाने एकेक कण उचलून काढत. दोघेही त्या वेळी फारसे बोलत नसत.

जमादारांचे ते नोकरीतले शेवटचे वर्ष होते. दसऱ्याला महाराजांसमोर निशाणबाजीची शर्यत होई, तिच्यात त्यांना अखेरचे उभे राहायचे होते. शर्यतीचा रिवाज असा, की ज्याने त्याने आपलीच रायफल आणायची, उसनी चालायची नाही. आणि नेमकी जमादारांची रायफल निकामी झाली होती. नळी आतून इतकी झिजली होती, की गोळी आपल्या मर्जीने जाई.

केरबाने उस्तादांना विचारले, "मोडीतल्या रायफलींचे सुटे भाग पडलेत, त्यातनं आबांसाठी एक बांधू का?"

"बांध की," उस्ताद म्हणाले. "पण मला दाखवल्याबिगर हितनं बाहेर न्यायची न्हाई."

केरबा कामाला लागला. एका रायफलीची नळी त्याने निवडली, आतून आरशासारखी स्वच्छ. दुसरीचा बोल्ट घेतला, म्हणजे काडतुसाला मागून दाबून धरणारा आणि दांडा फिरवला की कुलपासारखा बसणारा पोलादी भाग. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता तिसरीचा. प्रत्येक भाग पारखून घेतलेला, एकातही खोट नव्हती. आणि खंडेनवमी तोंडावर आल्यामुळे त्याने आणखी एक गोष्ट केली. सणाला हत्यार लखलखले पाहिजे, ही त्या गावाची रीतच होती. दारामागच्या कोयत्यालाही त्या आठवड्यात चकाकी येई. केरबाने काचकागद घेऊन बोल्ट घासला. बोल्ट मिटल्यावर खाचेत अडकून त्याला जागी धरणारे त्याचे कान जरा खरखरीत लागत होते, ते तर भक्तिभावाने घासून घासून गुळगुळीत केले. आता बोल्ट लोण्यातून जावा तसा बसू लागला. तो पुन्हापुन्हा उघडून मिटून ऐकत राहण्याचा त्याला नादच लागला.

नवमीच्या आदल्या दिवशी, उजेड चांगला असताना, त्याने रायफल उस्तादांपुढे ठेवली. वडिलांनाही मुद्दाम बोलावून घेतले होते. जमादारांनी ती खांद्याला लावली, दस्त्यावर गाल टेकवला आणि खाली ठेवताना नुसते "व्वा" म्हणाले. एवढ्या एका शब्दासाठी केरबाने महिनाभर बोटे सोलून घेतली होती. तो विरघळला.

उस्तादांनी कपाटातून फडक्याची पुरचुंडी काढली. तिच्यात काडतुसाच्या आकाराचे दोन भरीव पोलादी तुकडे होते. ही दोन मापे. दोहोंच्या लांबीत फरक इतका थोडा, की डोळ्याला कळू नये. पहिले नळीत घातले की त्याच्यामागे बोल्ट पुरता मिटला पाहिजे. त्याला सिलेखान्यात होकाऱ्या म्हणत. दुसरे किंचित लांब. ते आत असताना बोल्ट मिटता कामा नये. तो नकाऱ्या. सुट्या भागांतून बांधलेली रायफल या दोघांपुढून गेल्याशिवाय ती रायफल झाली असे उस्ताद मानत नसत.

होकाऱ्या आत गेला. बोल्ट मिटला. केरबाने वडिलांकडे पाहिले.

मग नकाऱ्या. उस्तादांनी बोल्टचा दांडा फक्त दोन बोटांनी, जोर न लावता वळवला. बोल्ट त्याच्यावरही मिटला, तसाच लोण्यातून गेल्यासारखा.

उस्तादांनी पुन्हा एकदा करून पाहिले. मग बोल्ट काढून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून कुलूप लावले.

"जमादार, ही रायफल परवा येत न्हाई," ते म्हणाले.

"उस्ताद!" केरबाचा आवाज चढला. "भाग सगळे चांगलेत. तुम्हीच बघितलेत. एवढ्या फरकानं काय होतंय? दोरी बांधून लांबनं एक बार काढू, मग तर झालं?"

"काढशील. आणि बार नीट उडंल. दुसराबी उडंल."

"मग?"

"मग काय न्हाई. रायफल जायाची न्हाई."

"दुसरा बोल्ट बसवू."

उस्तादांनी मोडीत होते नव्हते ते सगळे बोल्ट आणायला लावले. एकेक घालून पाहिला. काहींना होकाऱ्यावरच मिटता येईना, उरलेले नकाऱ्यावर मिटत होते. नळी उतरवून ती नव्याने बसवायची तर काम आठवड्यांचे होते, आणि दसरा परवावर आला होता.

शेवटी जमादारांनी मुंडासे सारखे केले. "बरं," एवढेच म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. त्या "बरं"मध्ये त्यांची शेवटची शर्यत गेली, हे केरबाला कळले. त्या संध्याकाळी तो घरी उशिरा गेला, आणि खिडकीशी बसलेल्या वडिलांपुढे त्याने हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सिलेखान्यात तांबड्या कापडावर तलवारी, भाले, बंदुका ओळीने मांडल्या होत्या. झेंडूच्या माळा होत्या, ऊदबत्त्यांचा धूर होता. मंत्र भटजी म्हणत, पण पहिले फूल वाहण्याचा मान तिथल्या उस्तादाचा. सगळ्यांना वाटले, ते फूल दरवर्षीप्रमाणे महाराजांच्या घराण्यातल्या जुन्या तलवारीवर पडेल. उस्ताद फूल घेऊन पुढे झाले, तलवारीपाशी थांबले, तिला हात लावून नमस्कार केला आणि तिच्यापुढून निघून गेले. कापडाच्या अगदी कडेला, कानशी आणि हातोड्यांच्या रांगेत, नकाऱ्या ठेवला होता. पहिले फूल त्यांनी त्याच्यावर वाहिले. आणि त्या पोलादाच्या तुकड्यापुढे बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

भटजी गोंधळले. शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. केरबाला मात्र राहवले नाही. सगळे पांगल्यावर तो उस्तादांपुढे जाऊन उभा राहिला.

"माझ्या आबांचा दसरा ज्यानं बुडवला, त्याला पहिलं फूल? माझी चूक असंल तर मला बोला. पण ही थट्टा कशापायी?"

उस्ताद खाली बसले. त्यांनी केरबालाही बसवले.

"थट्टा न्हाई, पोरा. ऐक. काडतूस नळीतल्या आपल्या घरात बसतं, मागनं बोल्ट त्याला टेकतो. किती टेकायचं, त्याला माप हाय. मागं केसभर जास्त मोकळं राह्यलं, तर बार उडताना काडतुसाचं पितळ मागं ताणतं. पयल्या बाराला नुसतं ताणतं. धाव्याला बी कदाचित नुसतंच ताणंल. आन् एक दिवस फाटतं. मग फुडं जायाची आग मागं येती. मागं काय असतंय?"

दस्त्यावर टेकलेला वडिलांचा गाल केरबाला आठवला.

"तुझी नळी चांगली, बोल्टबी चांगला. पण ते एकमेकांसाठी घडवल्यालं न्हवतं. तरीबी थोडक्यात निभावलं असतं. तू सणापायी, बापाच्या मायेपायी त्याचं कान घासलंस, आन् जी थोडी जागा हुती ती वाढली. माया खोटी न्हवती तुझी. पण पोलादाला माया कळत न्हाई, माप कळतं." उस्तादांनी नकाऱ्या उचलून तळहातावर घेतला. "ह्यो माझ्या उस्तादानं मला दिला. जल्म गेला माझा ह्या सिलेखान्यात. हितनं रायफल घेऊन गेलेला हरएक माणूस दोन्ही डोळे घेऊन माघारी आला. तलवारीनं काय केलं ते शाहीर गातात. ह्यानं काय होऊ दिलं न्हाई, ते कुणाला ठावं हाय? ज्याचा डोळा वाचला त्यालाबी ठावं न्हाई. त्यो ह्याच्यावर रागावूनच घरी जातो. मग ह्याचे उपकार मानायचं कुणी? मला ठावं हाय, म्हणून मी मानतो."

केरबाला बोलणे कळले. पण कळणे आणि पटणे यांच्यामध्ये, राग असला की, थोडी वाट चालावी लागते. तो नुसता उठून गेला.

दसऱ्याला शर्यत झाली. जमादार फौजेचा पोशाख करून आले होते, पण बसले प्रेक्षकांत. पैज भलत्याच एकाने जिंकली, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत जमादारही होते. केरबाने त्यांच्याकडे पाहायचे टाळले.

सीमोल्लंघन झाले. गाव सोने वाटत निघाले. घरी आल्यावर केरबाने आपट्याची पाने वडिलांच्या हाती दिली आणि वाकून नमस्कार केला. जमादारांनी त्याला उठवताना त्याचा हात धरला आणि तो तसाच उलटा केला.

"दोन दिस झालं, कण तसंच ठेवलेस व्हय रं? पिकलं बोट. बस हितं."

मावळतीचा उजेड अजून खिडकीत होता. जमादारांनी सुई घेतली, मुलाचा हात मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. त्यांचा चेहरा केरबाच्या इतका जवळ आला, की पापण्यांचे पिकलेले केस त्याला मोजता आले असते. बुबुळे बारीक झाली, स्थिर झाली. सुईचे टोक कातडीखाली किंचित शिरले आणि पोलादाचा एक कण, दिसेल न दिसेल असा, अलगद वर आला.

"आला बघ," जमादार म्हणाले आणि वर पाहिले. दोन्ही डोळे स्वच्छ, हसरे.

केरबाला हुंदका आवरेना.

"दुखलं व्हय?" बापाने घाबरून विचारले.

"न्हाई आबा," तो म्हणाला. "काय झालं न्हाई. कायसुदिक झालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी उस्ताद सिलेखान्यात आले, तेव्हा नकाऱ्यावरचे झेंडूचे फूल सुकून गेले होते आणि त्याच्याशेजारी आपट्याचे एक पान ठेवलेले होते. केरबा जमिनीवर बसून वडिलांच्या रायफलीची नळी उतरवायला लागला होता. उस्तादांनी कपाट उघडून मोडीतलाच एक न घासलेला बोल्ट तेवढा त्याच्यापुढे ठेवला.

वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घरची माणसे धडधाकट परत आली, तर कुणाच्या तरी जुन्या नकाराची आठवण काढा. ज्याच्यावर आपण तेव्हा रागावलो होतो, त्याला वाहायचे एक फूल आपल्याकडे राहिले आहे.