न कापलेला टोमॅटो

ही गोष्ट लहान मुलांना सांगायची नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे, कारण तिचा शेवट गोड नाही. मीही सांगणार नव्हते. पण मनात ठेवून ती जड होत चालली आहे, म्हणून आई आत कामात आहे तोवर हळू आवाजात सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात एकच भट्टी होती, तिच्यात जाड सालीचा पाव भाजला जायचा. उतारावरच्या वाफ्यांत टोमॅटो पिकायचे. या दोन गोष्टींवरून गावात एक रीत पडली होती. कुणी कुणाला दुखावलं, तर दुखावणाऱ्याने दुसऱ्याला घरी बोलवायचं. त्याच्यासमोर बसून पावाचे काप निखाऱ्यावर भाजायचे, त्यांच्यावर लसणाची पाकळी घासायची, टोमॅटो बारीक चिरायचा, मीठ आणि तेल घालून तो गरम कापावर ठेवायचा आणि लगेच हातात द्यायचा. पाहुणा बसल्याशिवाय टोमॅटोला सुरी लावायची नाही, एवढा एकच नियम. खरं कारण कुणी सांगत नसे. लोक म्हणत, रस सुटतो, पाव मऊ पडतो.

त्या गावच्या दोन बहिणी होत्या. थोरली आईजवळ राहायची, धाकटी नदीपलीकडे दिली होती. आई आजारी पडली, तेव्हा ती सारखी धाकटीचंच नाव घेऊ लागली. थोरलीला ते सहन झालं नाही. तिने धाकटीला निरोप पाठवलाच नाही. आई गेली. लोकांनी विचारलं तेव्हा थोरली म्हणाली, "निरोप धाडला होता, पण तिला सवड झाली नाही."

तेव्हापासून गाव धाकटीकडे वाकड्या नजरेने बघू लागलं. धाकटीने भांडण केलं नाही. "अक्का, खरं काय ते एकदा सांग," एवढंच ती म्हणाली होती, आणि थोरलीने मान फिरवली होती.

मग एके दिवशी कळलं, की धाकटीच्या नवऱ्याला समुद्राकाठच्या बंदरावर काम मिळालं आहे. दुपारच्या नावेने दोघं जाणार होते आणि परत येण्याचं काही नव्हतं.  थोरलीने धाकटीला जेवणाआधी घरी बोलावलं.

सकाळी शेजारीण विस्तव मागायला आली, तर थोरली टोमॅटो चिरत बसलेली.

"अगं बाई, आत्ताच? ती यायला तर अजून वेळ आहे ना?"

"आधीच करून ठेवलेलं बरं. मागाहून धांदल होते."

"चार टोमॅटो चिरायला कसली आलीय धांदल? तुला तिच्या तोंडाकडे बघायचं नाहीये, असं म्हण की."

"तुझं आपलं काहीतरीच," थोरली हसली. पण सुरीवरून तिने नजर उचलली नाही. शेजारणीने बरोबर ओळखलं होतं. चिरताना समोर बहीण बसलेली असणार, घरात दुसरा आवाज नसणार आणि मग ते माफीचं वाक्य बोलावंच लागणार. त्यापेक्षा सुंदर ताट मांडून ठेवावं, ताट बघून बहीण समजून घेईल, असं तिला वाटत होतं.

तिने काप एकसारखे भाजले. टोमॅटोचे तुकडे रांगेत रचले, वर पुदिन्याचं एकेक पान ठेवलं आणि ताट झाकून ठेवलं.

धाकटी आली. तिने चपला दारात काढल्या, चुलीसमोरच्या पाटावर बसली आणि इकडेतिकडे बघू लागली.

"सुरी कुठंय, अक्का?"

"सगळं तयार आहे. तू फक्त खा."

थोरलीने झाकण काढलं. ताट खरंच देखणं होतं. धाकटीने एक काप उचलला, तर तो मधोमध वाकला आणि त्यावरचा टोमॅटो तिच्या पदरावर पडला. तिने पदर पुसला आणि उरलेल्या पावाचा घास घेतला. काहीच आवाज झाला नाही. ओला, गार लगदा ती बराच वेळ चघळत राहिली.

"नदीला पाणी चढलंय म्हणतात," थोरली म्हणाली.

"हो."

"नाव मोठी आहे ना?"

"मोठी आहे." धाकटीने हात मांडीवर ठेवले आणि ती वाट बघत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "अक्का, आणखी काही बोलायचंय?"

थोरलीच्या घशाशी ते वाक्य आलं. हातात सुरी असती, नजर टोमॅटोवर असती, तर ते निसटूनही गेलं असतं. पण हात रिकामे होते आणि बहिणीचे डोळे थेट तिच्यावर होते.

"मीठ कमी पडलं का गं?" तिने विचारलं.

धाकटीने मान खाली घातली. "मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. तिने तो काप शेवटपर्यंत संपवला, थोरलीला वाकून नमस्कार केला आणि चपला घालून निघून गेली.

थोरली खांबासारखी बसून राहिली. घाटावरून नावाड्यांची आरोळी आली, तेव्हा ती भानावर आली आणि अनवाणी धावत सुटली. ती पायऱ्यांवर पोहोचली तोवर नाव धारेला लागली होती. तिने हाका मारल्या. नावेतून कुणीतरी हात हलवला, पण तो बहिणीचाच होता की नाही, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी ती शेजारणीच्या दारात गेली आणि उंबऱ्यावरच बोलून मोकळी झाली, "मी निरोप धाडला नव्हता. तिला काहीच ठाऊक नव्हतं."



"मला कशाला सांगतेस?" शेजारीण म्हणाली. "मी का तुझी बहीण आहे?"

तात्पर्य: माफीचं ताट कितीही आधी आणि कितीही देखणं मांडलं, तरी तेवढ्याने माफी मागितली असं होत नाही. ती समोर बसून, तोंडाने मागावी लागते, आणि तीही माणूस समोर असतानाच, कारण तो एकदा का उठून गेला की मग आपण कितीही — हो आई, आले, आले