आरशात बघून घेतलेला हेडफोन

तालमीतल्या लाल मातीची जागा जिमच्या रबरी चटईनं घेतली, त्या काळची गोष्ट. रोज जिमला जाणाऱ्या विश्वंभरनं आपला भलामोठा हेडफोन दुकानाच्या काउंटरवर आपटला. "दोन महिन्यांत कुजला! भिकार माल!"

हेडफोनचं डोकं सणकलं. "भिकार मी? मी घरी खुर्चीत बसून गाणी ऐकणाऱ्यासाठी आहे. रोज घामानं चिंब करून तसाच ओला बॅगेत कोंबलास, मग कुजणार नाही तर काय! घेताना तरी आवाज ऐकलास का? आरशातच बघत होतास!"

दुकानदारही वैतागला. "घामासाठी हे छोटे इअरबड घ्या, असं तेव्हाच सांगितलं होतं, साहेब."

"अहो, पण ते घातलेले दिसतात कुठे?" असं म्हणत विश्वंभरनं आणखी मोठा, लाल हेडफोन डोक्यावर चढवला आणि आरशासमोर दंड फुगवले.