अनारबागेतली बारव

दर्ग्याच्या पायथ्याशी फुलांच्या चादरी गुंफणाऱ्या सकीनाची एकुलती एक लेक जैतून. चिमुकली, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची. घरात मीठ असे तर पीठ नसे. तरी दारी आलेल्या भुकेल्याला जैतून आपल्यातली अर्धी भाकरी देई.

एकदा सकीना तापाने फणफणली. सात दिवस तिने डोळे उघडले नाहीत. शेजारच्या हमीदाखालाने जैतूनला जवळ घेतलं.

"डोंगरापल्याडच्या अनारबागेत एक झरा आहे म्हणतात, बेटा. त्याचं पाणी जाणारा जीव माघारी आणतं. पण तिथं जायची कुणाची छाती होत नाही."

जैतूनचीही होत नव्हती. तरी ती गेली.

भर दुपारी बागेत एक पाखरू नव्हतं, एक पान हलत नव्हतं. डाळिंबाची लालचुटूक फुलं जणू डोळे वटारून बघत होती. तेवढ्यात एका फुलातून बोटभर उंचीची परी उतरली. पंख डाळिंबी, त्यांवर सोनेरी चुरा.

"चिमणे, तीन इच्छा माग. नियम एवढाच: पहिली फक्त ऐकायला मिळेल, दुसरी फक्त दिसेल, आणि तिसरीसाठी तुला स्वतः आत जावं लागेल."

"परीआपा, झरा खरंच आहे?"

परीने झऱ्याचं असं गोड वर्णन केलं की ऐकतच राहावं. पण जैतूनचा घसा कोरडाच राहिला.

"मग दाखव ना मला."

परीने पंख झटकले. हवेत निळा-रुपेरी झरा झुळझुळला. जैतूनने हात घातला. मूठ रिकामीच!

"ऐकलंस, पाहिलंस, पण झरा तुला अजून कळला नाही," परी हळूच म्हणाली. "कळायला हवा तर बागेच्या कोपऱ्यातल्या त्या पायऱ्यांच्या बारवेत उतर. उतरताना मात्र तुला ठाऊक असलेलं एकेक गळून पडेल."

बारव काळीकुट्ट होती. दहाव्या पायरीवर जैतून घरची वाट विसरली. विसाव्या पायरीवर स्वतःचं नाव. "मी कोण?" तिला आठवेना. भीतीने रडू फुटलं. मागे फिरावं, तर मागे म्हणजे कुठे, तेही कळेना. एवढंच उरलं होतं: कुणालातरी पाणी द्यायचंय.

तळाशी ओंजळभरच पाणी होतं. तिने ते उचललं, तोच काळोखात कुणीतरी धापा टाकू लागलं.

"तहान... तहान..." घोगरा आवाज अगदी कानाशी आला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावंसं वाटलं. पण तहानलेलं कोण, आपलं की परकं, हे विचारायला तिच्याजवळ 'आपलं' असं काही उरलंच नव्हतं. तिने ओंजळ पुढे केली.

आणि काळोख फुटला! तळातून की तिच्याच छातीतून, कुणास ठाऊक, केशरी, मोतिया, पोपटी उजेड उसळला, आणि उजेडाबरोबर पाणी. तहानलेला होता तो झराच!

ओंजळ भरून जैतून वर आली, तेव्हा नावही परतलं होतं आणि वाटही.

"काय कळलं?" परीने विचारलं.

जैतूनने ओंजळीतल्या पाण्याकडे पाहिलं. "सांगता येत नाही, आपा."

परी खुदकन हसली. "तळाला गेलेल्या कुणालाच ते सांगता आलेलं नाही, राणी." आणि ठिणगी ठिणगी होत ती लखलखत्या उजेडात विरून गेली.

जैतूनने घरी येऊन अम्मीच्या ओठांवर पाणी सोडलं. एक थेंब, दोन थेंब. बराच वेळ काहीच झालं नाही. तो वेळ बारवेहूनही भयंकर होता. मग सकीनाच्या पापण्या हलल्या.

"जैतून, खायला आहे का गं काही?"

हमीदाखाला डोळे पुसत चूल पेटवायला धावली. आणि जैतून अम्मीच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली, आवरून धरलेली सगळी भीती वाहून जाईपर्यंत.