भिवराई सुईण आणि खिंडीची राखण

खिंडीतून अजून नुसती पायवाटच जायची, त्या काळातली ही गोष्ट. खिंडीच्या अलीकडे कोळवडी, पलीकडे निगडोळ. दोन्ही गावांना सुईण एकच, भिवराई. तिथली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती, असं म्हणतात.

सलग तीन वर्षं पीक बुडालं. तरण्या पोरांच्या हाताला काम राहिलं नाही. मग काही जणांनी तोंडाला फडकी बांधली आणि ते खिंडीत वाटसरूंना लुटू लागले. कोळवडी म्हणे, चोर निगडोळचे. निगडोळ म्हणे, कोळवडीचे. एका दुपारी झटापटीत एक म्हातारा कासार दरीत पडून मेला. तेव्हा दोन्ही गावांच्या पाटलांनी ठरवलं, चोर दिसला की मारायचा.

हे ऐकून भिवराई एकटीच खिंडीत गेली. अकरा पोरं काठ्या घेऊन आडवी आली. तिनं एकेकाकडे निरखून पाहिलं.

"रंभाजी, तू पायाळू. तीन दिवस तुझी आई अडली होती. सोड ते फडकं."

रंभाजीनं फडकं सोडलं. "कासाराला मीच ढकललं, आई. आता गाव मला जिता ठेवणार नाही."

"मी पुढं उभी राहते. तू माझ्यामागनं चल."

तिनं अकराही जणांना कोळवडीच्या पारावर आणलं; दोन्ही गावं तिथं जमली. फडकी सुटली, तेव्हा त्यांत दोन्ही पाटलांचे मुलगे निघाले. उगारलेल्या काठ्या खाली आल्या.

"मग यांचं करायचं काय?" एका पाटलानं विचारलं.

"वाट यांच्या हवाली करा," भिवराई म्हणाली. "हेच वाटसरूंना खिंड पार करून देतील. यांना भाकरी दोन्ही गावांनी घालायची."

तसंच ठरलं. रंभाजी कासाराच्या विधवेच्या घरी जन्मभर पाणी भरत राहिला. तिनं मात्र त्याच्याशी कधी शब्द काढला नाही.

पुढं एकदा चाळीस लुटारू घोड्यांवरून खिंडीत घुसले. अकरा जण वाट अडवून उभे राहिले. भिवराई खडकावर चढली आणि आपल्या हातांवर जन्मलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊ लागली. प्रत्येक नावाला डोंगरातून ओ आली. जी लेकरं जगली नव्हती त्यांचीही आली, असं म्हणतात. घोडे बिथरले आणि आल्या वाटेनं पळाले.

आजही तिथं पहिल्यांदा चोरीत सापडलेल्या पोराला भिवराईच्या नावानं वर्षभर खिंडीच्या राखणीला लावतात. दोन्ही गावांतलं एकेक माणूस त्याच्यासोबत चालतं. आणि ज्या घरी त्यानं चोरी केली, त्याच घरून त्याची पहिली भाकरी येते.